डोक्याला लागलं तर घरी कळवा हो, एवढंच म्हणणं आहे

शाळेत पोरं पडणारच, त्याबद्दल माझी काहीएक तक्रार नाही. मधल्या सुट्टीत एवढी सगळी जिन्यावरून सुटणार म्हटल्यावर कुणीतरी कुणावर आदळणारच. पण गुडघा फुटला की रक्त दिसतं म्हणून सगळे डेटॉल घेऊन धावतात आणि डोकं आपटलं की मावशी बर्फ चोळणार, "काही नाही झालं, शूर आहेस ना तू" म्हणणार, संपलं. डायरीत ओळ नाही, फोन नाही, आणि वर शेवटच्या तासाला पीटी पण करायला लावणार!

आमची दुसरीत आहे. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, आम्ही डब्यातल्या पनीरला नावं ठेवतोय, सासूबाई ओवा चावायला देतायत, आणि वेण्या सोडताना मागच्या बाजूला हे एवढं टेंगूळ हाताला लागलं. विचारलं तर म्हणते "अगं ते सकाळीच, बाकावर आपटलेलं." डॉक्टरांनी पहिलं विचारलं किती वाजता लागलं, शुद्ध गेली होती का, नंतर गोंधळल्यासारखी वाटली का. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय! नशिबाने पोरगी ठीक आहे.

मी म्हटलं सिटी स्कॅन करूया का, तर त्यांनी नीट समजावलं की स्कॅन रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर बघायला असतो, साधं कन्कशन (म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूचं काम थोडा काळ बिघडणं) त्यात दिसत नाही, आणि उगाच लहान मुलांना रेडिएशन कशाला. म्हणजे मुख्य काम लक्ष ठेवायचं. कन्कशनमध्ये बहुतेक वेळा शुद्ध जातच नाही आणि त्रास कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो, म्हणजे मूल घरी आल्यावर. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, बरळणं, उठवूनही जाग न येणं, नाकाकानातून पाण्यासारखं काही येणं, यातलं काहीही दिसलं तर सरळ हॉस्पिटल. पण लागलंय हेच माहीत नसेल तर आईबाप, व्हॅनवाले काका, पाळणाघरातल्या काकू लक्ष कशावर ठेवणार?

२०२० मध्ये कॅनबेराला जडेजाच्या हेल्मेटला बॉल लागला आणि कन्कशनच्या नियमाने त्याच्या जागी चहल आला, तीन विकेट काढल्या, तेव्हा आपण सगळे कन्कशनचे एक्स्पर्ट झालेलो. नियम तोच आहे, डोक्याला लागल्यावर शंका असेल तर त्या दिवशी खेळ बंद. हेल्मेटवाल्या जडेजाला लागू, बिनहेल्मेटच्या दुसरीतल्या पोरांना नाही!

माझी मावसबहीण इंग्लंडला असते, तिकडे तिच्या मुलाच्या शाळेतून त्याच दिवशी छापील चिठ्ठी येते, कधी लागलं, कुठे लागलं, घरी काय बघायचं. याला ना नर्स लागते ना बजेट, झेरॉक्सचा कागद लागतो फक्त.

पेरेंट्स मीटिंगला हे बोलले तर टीचर हळूच म्हणाल्या, "मॅडम, कळवलं की पालक भांडायला येतात, ग्रुपवर फोटो टाकतात, कोणी ढकललं त्याचं नाव मागतात." यात खोटं काही नाही, आपल्याच ग्रुपवर मागच्या महिन्यात काय तमाशा झाला ते आठवा. बाई लपवणार नाहीत तर काय करतील? म्हणून मी लिहून दिलंय की चिठ्ठी आली तर आम्ही जाब विचारायला येणार नाही. वर्गातल्या अजून काही आया सही करायला तयार आहेत, बाबा लोकांचं अजून "बघू" चाललंय. कुणाच्या शाळेत अशी चिठ्ठी देत असतील तर नाव झाकून फोटो टाका कमेंटमध्ये, पुढच्या मीटिंगला दाखवायला नमुना हवाय.