दुसरा कान

चेकिंगचे शंभर, सोल्डरिंगचे दीडशे, आणि ‘अँटिक आयटम आहे ना सर’ म्हणून वर पन्नास. एक वायर जोडायचे तीनशे रुपये. अशा वेळी ‘पैशांचं जाऊ द्या’ म्हणायची पद्धत आहे. मी का जाऊ देऊ?

काम एवढुसं होतं. घरी आय.टी.आय.चा काळा, जड, बोट घालून फिरवायचा फोन आहे. फायबरच्या डबीला त्याच्या डायलची टकटक कळत नाही, त्यामुळे फोन येतो, पण लावता येत नाही. नानांना ही सोय वाटते. पुण्याहून बहिणीचा फोन आला की ते रिसीव्हर सोडत नाहीत आणि आई शेजारी उभी राहून ‘काय म्हणते? काय म्हणते?’ करत राहते. मोबाइलचा स्पीकर लावून पाहिला, तर बहिणीच्या सासूची खबर अख्ख्या गल्लीला लागली. म्हणून भुसावळच्या एका भंगारवाल्याकडून फोनला जोडायचा जादा कान आणला. तळहातात मावणारा, गोल, मागे टांगायला कडी. फ्रान्समधल्या जुन्या फोनांच्या पाठीला असा दुसरा कान टांगलेलाच असे, शेजारच्या माणसालाही ऐकता यावं म्हणून, किंवा गोंगाट असला तर एकट्यानेच दोन्ही कानांना लावावा म्हणून. आत लोहचुंबक, त्यावर तारेचं वेटोळं, समोर लोखंडाची पातळ चकती आणि बाहेर दोन वायरी. त्यातली एक मुळातून तुटलेली. तेवढा सोल्डरचा एक थेंब हवा होता.

अमळनेर म्हणजे काही ऐरंगैरं गाव नाही. साने गुरुजींनी इथल्या शाळेत शिकवलं. १९४५ साली इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिचीच पुढे विप्रो झाली. २०२४ साली तर अख्खं साहित्य संमेलन इथे भरलं. तुपातून कॉम्प्युटर काढणाऱ्या गावात एका वायरीसाठी किती दुकानांच्या पायऱ्या चढाव्यात? ‘आम्ही फक्त मोबाइल करतो.’ ‘आम्ही फक्त ग्लास लावतो.’ एकाने फोन उलटा करून, पुन्हा सुलटा करून, ‘यात काय बदलायचंय?’ असं विचारलं. बदलायचं काही नाही, जोडायचंय, म्हटल्यावर त्याचा रसच गेला.

शेवटी जे दुकान मिळालं तिथे कूलर होता. मे महिना, पारा पंचेचाळिशीला टेकलेला, त्यामुळे कूलरसमोर आबा होते. आबा म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेले गृहस्थ. त्यांचं दुकानात काही काम नव्हतं. कूलर हेच काम.

“हाई कसाले लाई राह्यना भो?”

“आईला ऐकू यावं म्हणून.”

“बहिरी शे का?”

“नाही.”

“मंग टॅपिंग शे हाई. १८८५ ना कायदा शे. आत घालतीन.”

त्या तार कायद्याच्या जागी २०२३मध्ये संसदेने नवा केला, असं मी म्हणालो. आबांनी हातानेच तो उडवला. “नवा व्हई. माले जुना पाठ शे.”

मग त्यांनी फोन स्वतःकडे ओढला. त्याची वायर काउंटरवरून खाली लोंबत होती, कशालाही न जोडलेली. आबांनी रिसीव्हर कानाला लावला, हूक दोन बोटांनी टकटक दाबला, आणि त्यांचा आवाजच बदलला.

“हॅलो भुसावळ… भुसावळ… अमळनेर बोली राह्यनू…”

थांबले. माझ्याकडे वळून विचारलं, “ऑर्डिनरी, अर्जंट का लायटनिंग?”

“ऑर्डिनरी,” मी म्हणालो. जुन्या ट्रंक कॉलमध्ये लायटनिंगला आठपट पैसे पडत, हे मला माहीत होतं.

“मंग टाइम लागी.”

आणि खरंच टाइम लागला. आबा रिसीव्हर धरून छताकडे बघत राहिले. दुकानदाराच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर हातातच राहिला. टेम्पर्ड ग्लास बसवायला आलेल्या बाईंनी सगळ्यांच्या वतीने काळजीने विचारलं, “लागला का हो?”

“बिझी शे,” आबा म्हणाले. बाईंनी मान हलवली. भुसावळ जंक्शन आहे, बिझी असणारच.

मग एकदम, “लागना! धर!” म्हणत त्यांनी तुटक्या वायरीचा तो जादा कान माझ्या हातात दिला. मी तो लावला. पाच-सात माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

“ऐकू येस का?”

“येतंय.”

“काय म्हनस?”

“भुसावळला… ऊन आहे म्हणतात.”

“कितलं?”

“पंचेचाळीस.”

“बरोबर शे.” आबांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी सरळ केला. “तीन मिनिट व्हयनात. वाढाऊ का?”

“नको.”

“नको,” त्यांनी भुसावळला कळवलं आणि फोन ठेवला.

दुकान हसलं. आबांना नाही, मला. मेलेल्या फोनवरून ट्रंक कॉल लावणारा माणूस शहाणा, आणि म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून ‘येतंय’ म्हणणारा ‘ते काका’. काउंटरमागचा पोरगा मोबाइल आडवा धरून उभा होता. तो मेसेज वाचतोय असं मला वाटलं.

मग दुकानदाराने वायर सोल्डर केली आणि त्याच झटक्यात दोन्ही कान पॅरललमध्ये, म्हणजे प्रवाह दोघांत वाटला जाईल असे, जोडून टाकले. आबा कूलरकडे परत वळता वळता म्हणाले, “सिरीजमा लाव रे.” त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. चेष्टा केली तेव्हा सगळं गाव उभं होतं, कामाचं बोलले तेव्हा सगळे आपापल्या मोबाइलमध्ये.

घरी व्हायचं तेच झालं. माझ्या जुन्या कानाचा विद्युतरोध कमी, त्यामुळे बराचसा प्रवाह त्यानेच ओढला. आईला बहीण अगदी शेजारच्या खोलीत असल्यासारखी ऐकू येई आणि नाना नुसते ‘हॅलो, हॅलो’ करत. पन्नास वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे आईला दुरुस्तीची घाई नव्हती. नानांना होती. आतल्या पट्टीवर नुसते स्क्रूच असतात. मी वायरी काढून सिरीजमध्ये लावल्या. तोच प्रवाह दोन्ही कानांतून जातो, आवाज जरासा उतरतो, पण दोघांना ऐकू येतो. पाच मिनिटांचं काम. तीनशे रुपये कशाचे, ते मला अजून कळलेलं नाही. बिल मागितलं तर म्हणे, अँटिकचं बिल नसतं.

पण वैताग पैशांचाही नाही. याच रस्त्यावर पूर्वी रेडिओवाले बसायचे. झाकण उघडून आधी आत बघत, मग बोलत. आता आधी ‘कशाला?’ विचारतात. कशाला म्हणजे? आईला लेकीचा आवाज ऐकायचाय, याचं कारण काउंटरवर लिहून द्यायचं का? आणि ते पटल्यावर चेकिंग चार्ज?

काल संध्याकाळी घंटा वाजली. नाना खुर्चीत, रिसीव्हर कानाला. आई स्टुलावर, तिचा कान तिच्याकडे. बोलायचं तोंड एकच, ते नानांपाशी. म्हणजे आईला सगळं ऐकू येणार, पण बोलता येणार नाही. तिला त्यात नवीन काही वाटलं नाही.

बहीण बोलायच्या आधी हसतच सुटली. तिला कुणीतरी रील पाठवली होती, तिच्या सोसायटीतही फिरली होती म्हणे. “नाना, दादाला विचारा ना, भुसावळला ऊन आहे का?”

दोघांना एकदम, सारख्या आवाजात, स्वच्छ ऐकू आलं. नाना माझ्याकडे बघायला लागले. आईने कान घट्ट दाबून धरला आणि नानांना कोपराने ढोसलं.

“तिला म्हणा, ते पंचेचाळीसचं काय होतं, ते पहिल्यापासून सांग.”