फी ठरवताना मानसशास्त्र, मग शिकवताना का नाही?

पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत सध्या मान वर केली की स्पर्धा परीक्षांच्या क्लासचे फ्लेक्स दिसतात. ७५ हजारांवर काट, खाली ठळक ४९,९९९ आणि कोपऱ्यात 'ऑफर आज रात्री १२ पर्यंत'. पुढच्या आठवड्यात जा, ऑफर तिथेच असते.

यामागे पक्का अभ्यास आहे. १९७४ साली एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग मांडला. लोकांसमोर एक चक्र फिरवायचं, ते फक्त १० किंवा ६५ वरच थांबेल अशी आधीच सोय केलेली. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० बघितलेल्यांचं मधलं उत्तर आलं २५, तर ६५ बघितलेल्यांचं ४५. आधी दिसलेला आकडा डोक्यात ठाण मांडून बसतो. काट मारलेले ७५ हजार नेमकं हेच करतात.

तुळशीबागेत आपण निम्म्यापासून बोलायला लागतो, कारण सांगितलेला भाव खरा नसतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण बीडहून, लातूरहून मुलाला घेऊन आलेले वडील क्लासच्या काउंटरवर घासाघीस करत नाहीत. शिक्षणाचा भाव करू नये असं त्यांना मनापासून वाटतं. त्या भावनेचा असा फायदा घेतलेला मला सहन होत नाही.

आणि एवढं मन ओळखणारे लोक वर्गात शिरले की काय करतात? तीन तास स्लाइड्स, छापील नोट्स आणि 'रिव्हिजन बॅच' म्हणजे तेच लेक्चर पुन्हा.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले, काही न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचलेलं जास्त आठवलं, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर चित्र उलटं झालं. पुन्हा वाचलेलं ४२ टक्के उरलं, आठवून लिहिलेलं ५६.

डेमो लेक्चर विकतं ते त्या पहिल्या पाच मिनिटांतलं समाधान. सर छान बोलतात, सगळं कळल्यासारखं वाटतं, तिथेच ॲडमिशन होते. दर आठवड्याला कोरा कागद पुढे ठेवणारा वर्ग मात्र नकोसा वाटतो, आपल्याला काही येत नाही असं वाटायला लावतो. असा वर्ग विकणं कठीण, आणि पेपर तपासायला माणसं लागतात. म्हणून तो फारसा कुणी चालवत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रीलिम, म्हणजे परीक्षेचा पहिला टप्पा, त्या डेमोनंतर कितीतरी महिन्यांनी असते!

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई लावायची नाही, यशस्वी उमेदवाराचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय छापायचा नाही, आणि तीही निवड झाल्यानंतर घेतलेली हवी. चांगलं झालं. पण वर्गात कसं शिकवायचं हे जाहिरातीचे नियम कसं सांगणार?

ते आपणच विचारायला हवं. ॲडमिशनला जाल तेव्हा फीच्या आधी विचारा: मागच्या महिन्यात शिकवलेलं न बघता कधी लिहून घेता? ते तपासतं कोण? पेपर किती दिवसांत परत मिळतो? उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे परत खिशात ठेवा. अप्पा बळवंत चौकातून पुस्तकं घ्या, एखादी अभ्यासिका लावा, आणि चौघं मिळून रोज एकमेकांना पुस्तक मिटून प्रश्न विचारा.