बेसूर होण्याची साधना

सिंथवेव्ह हा सिंथेसायझरवरच्या संगीताचा प्रकार म्हणजे १९८० च्या दशकातल्या अमेरिकेची आठवण. ती सगळ्यात आधी ज्यांना आली त्यांत फ्रेंच मंडळी पुढे होती, आणि तीही २००० साल उलटल्यावर. कविन्स्की हा संगीतकार फ्रेंच. ‘कॉलेज’ या नावाने संगीत करणारा दाविद ग्रेलिए नांत शहरातला. मायामीचा सूर्यास्त, गुलाबी निऑन, रात्रीचा मोकळा हायवे हे सगळं त्यांना नांतमध्ये बसून आठवू शकतं, तर डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन आपल्यालाही आठवायला आणि तसा एक ट्रॅक करून पाहायला हरकत नाही. मोकळा हायवे आपण आयुष्यात पाहिलेला नसतो, एवढीच किरकोळ अडचण.

खरा छळ सॉफ्टवेअर उघडल्यावर सुरू होतो. लॅपटॉपमधला सिंथेसायझर जन्मजात सुरात असतो आणि मरेपर्यंत सुरातच राहतो. जुन्या यंत्रांचं तसं नव्हतं. आतले भाग तापले की सूर सरकायचा, कोरसमधून (आवाज दुहेरी करून जाड करणाऱ्या इफेक्टमधून) सळसळ यायची, टेप डगमगायची. हे दोष घालवण्यात तेव्हाच्या इंजिनियर मंडळींनी हयात घालवली. आज तेच दोष एकेक नॉब फिरवून परत आणावे लागतात, आणि प्रत्येक दोषाला वेगळा नॉब आहे.

हिशेबाच्या सोयीसाठी ठेका १०० बीपीएम (मिनिटाला १०० मात्रा) धरू. म्हणजे एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची आणि तिचा चौथा तुकडा १५०चा. कॉर्ड्स ए मायनर, एफ, सी, जी. अर्धी सिंथवेव्ह या चार कॉर्ड्सवर उभी आहे. उरलेली अर्धी याच चार कॉर्ड्स वेगळ्या क्रमाने वाजवते.

पहिला दोष सूर सरकण्याचा. १९७८ च्या प्रॉफेट-५ वर ‘ट्यून’ नावाचं एक बटण होतं. यंत्र भरकटलं की ते दाबायचं, मग यंत्र स्वतःला ताळ्यावर आणायचं. आता सर्ज एक्सटी या फुकट सिंथमध्ये ‘ड्रिफ्ट’ नावाची पट्टी आहे. ती भरकटवण्यासाठी आहे. पॅडसाठी, म्हणजे मागे पसरलेल्या लांब सुरांसाठी, दोन सॉ ऑसिलेटर (करवतीच्या दात्यांसारखी लाट काढणारे सिंथचे भाग) घ्या, एक ४ सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर सेंट) वर, एक ४ सेंट खाली, ड्रिफ्ट थोडासाच, अटॅक (आवाज पूर्ण चढायला लागणारा वेळ) अर्ध्या सेकंदाच्या आसपास, आणि वरून कोरस. या कोरसचं मूळ रोलँडच्या जुनो-६० मध्ये. तिथे प्रत्येक आवाजाला ऑसिलेटर एकच आणि तो डिजिटल नियंत्रणाचा, म्हणजे सूर पक्का पण आवाज बारीक. तो जाड करायला कंपनीने कोरसची बटणं दिली, आणि आज लोक जुनोचं नाव घेतात ते मुख्यतः त्या बटणांसाठी.

एक गोष्ट मात्र जपा. पॅड छान फुलला म्हणून तीच सेटिंग्ज बेसला लावण्याचा मोह प्रत्येकाला होतो. बेसचा खालचा ए म्हणजे ५५ हर्ट्झ. तिथे दोन ऑसिलेटरमध्ये ८ सेंटचा फरक ठेवला, तर तो साधारण पाव हर्ट्झचा होतो. म्हणजे दर चार सेकंदांनी दोघे एकमेकांना खाऊन टाकतात आणि बेस गायब. मग माणूस कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा इफेक्ट) बदलतो, केबल हलवून पाहतो, हेडफोनला शिव्या घालतो. बेसला ऑसिलेटर एकच ठेवा, विषय संपला.

घंटेसारख्या इलेक्ट्रिक पियानोसाठी यामाहाचा डीएक्स७ हवा, १९८३ चा. डेक्स्ड नावाच्या फुकट प्लगइनमध्ये तो अख्खा मिळतो: सहा ऑपरेटर, बत्तीस अल्गोरिदम आणि समोर बसणाऱ्याचं भंजाळलेलं डोकं. त्या काळीही बहुतेक वादकांनी आत हात घातला नाही, कंपनीने भरून दिलेले आवाजच वाजवले. तेव्हा ‘ई. पियानो १’ निवडावा आणि पुढे सरकावं. हा आळस इतिहासाला धरून आहे.

आता स्नेअर, म्हणजे ठेक्यातला ‘फट्’ वाजणारा ड्रम. इथे पोटतिडकीने बोलावं लागेल, कारण सिंथवेव्ह ओळखू येते ती स्नेअरवरून, आणि नवशिक्यांचे ट्रॅक पडतात तेही तिथेच.

लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत १९७९ च्या सुमारास ब्रिटिश गायक पीटर गेब्रिएलच्या अल्बमचं काम चालू होतं. ड्रमवर फिल कॉलिन्स, काचेपलीकडे इंजिनियर ह्यू पॅजम. वादकांचं बोलणं इंजिनियरला ऐकू यावं म्हणून खोलीत एक माइक टांगलेला असायचा, आणि लांबचं कुजबुजणंही कळावं म्हणून त्यावर करकचून कॉम्प्रेसर. तो माइक चालू असताना ड्रम वाजले आणि खोलीभर स्फोट झाल्यासारखा आवाज आला. त्याचं शेपूट गेटने, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या यंत्राने, कापलं आणि पुढचं अख्खं दशक त्यात बुडालं. पुढे एएमएस आरएमएक्स१६ या रिव्हर्बमध्ये (आवाजाला खोलीचा घुमारा देणाऱ्या यंत्रात) त्यासाठी ‘नॉनलिन’ नावाचा तयार प्रोग्रामच आला.

घरी करायचं ते असं. स्नेअर लिनड्रम या जुन्या ड्रम मशीनच्या जातीचा घ्या. रोलँडच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनचा नको, तो इथे टिचकीसारखा वाजतो. त्याचा सेंड (आवाजाची प्रत) एका वेगळ्या बसवर (मिक्सरमधल्या जोडवाटेवर) पाठवा. बसवर आधी रिव्हर्ब: रूम किंवा प्लेट, दोन सेकंदांचा, शंभर टक्के वेट, म्हणजे मूळ आवाज न मिसळता. मग गेट: होल्ड (उघडं राहण्याचा वेळ) २५० मिलिसेकंद, रिलीज (मिटण्याचा वेळ) २० ते ३०. मग इक्यू (खालचे-वरचे सूर कमीजास्त करणारा), २५० हर्ट्झच्या खालचं सगळं साफ. क्रम हाच. गेट आधी आणि रिव्हर्ब नंतर लावला, की स्नेअर कापला जातो आणि रिव्हर्ब निवांत दोन सेकंद वाहत राहतो.

आणखी एक मेख आहे. गेटला उघडण्याचा इशारा कोरड्या स्नेअरकडून द्या, साइडचेनने, म्हणजे एका ट्रॅकच्या आवाजाने दुसऱ्यावरचा इफेक्ट चालवून. रिव्हर्बच्याच आवाजावर गेट चालवला, तर शेपूट थ्रेशोल्डच्या (गेट उघडण्याच्या पातळीच्या) आसपास घुटमळतं आणि गेट फडफडतो. अख्खा ड्रम किट त्या सेंडवर पाठवू नका. पाठवलात तर उघड्या गेटमधून हायहॅटही घुसतो, आणि प्रत्येक स्नेअरमागे चिवचिवाट ऐकू येतो. होल्ड वाढवायचाच असेल तर अर्ध्या मात्रेच्या, म्हणजे ३०० मिलिसेकंदांच्या पुढे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पुढे गेलं की स्फोटाचं रूपांतर गळतीत होतं.

ड्रमच्या बाबतीत एक सूट आहे. ह्यूमनाइजचं (ठेका माणसासारखा थोडा मागेपुढे करण्याचं) बटण इथे दाबायचं नाही, कारण तेव्हाही मशीनच वाजत होती. सगळं ग्रिडवर, म्हणजे अचूक मात्रेवर, ठेवा. टॉम ड्रमसाठी साधी साइन वेव्ह २०० हर्ट्झवरून ८०पर्यंत पाव सेकंदात घसरवा, की तो षटकोनी इलेक्ट्रॉनिक ड्रमवाला ‘ढुंऽऽ’ तयार. आपल्याकडे ऑर्केस्ट्राच्या ऑक्टोपॅडवर हा टॉम इतका वाजलाय की तो ऐकल्यावर निवेदक आता कुणाचा सत्कार करणार, असं वाटत राहतं.

बेसलाइन सोळा तुकड्यांची, सलग, मध्येच एक सप्तक वर उडी. सॉ वेव्ह, २४ डीबीचा लो-पास (वरचे सूर कापणारा फिल्टर), कटऑफ (कापण्याची सीमा) ३०० हर्ट्झच्या आसपास, फिल्टर एन्व्हलपचा डिके (फिल्टर मिटत जाण्याचा वेळ) १५० मिलिसेकंद. रिलीज (पट्टी सोडल्यावर सूर विरण्याचा वेळ) मात्र अगदी छोटा. तुकडाच १५० मिलिसेकंदांचा असताना रिलीज ३०० ठेवला, तर प्रत्येक सूर पुढच्या दोघांच्या अंगावर पडतो आणि खाली नुसता चिखल होतो.

मग साइडचेन. किक (खालचा ‘धम्’ ड्रम) आली की बेसने बाजूला व्हायचं. दादरला दारातला माणूस क्षणभर फलाटावर उतरतो आणि गर्दी ओसरताच परत दारात उभा राहतो, तसं. बेसवरच्या कॉम्प्रेसरचा रेशो (दाबण्याचं प्रमाण) ४:१, अटॅक १ मिलिसेकंद, ६ ते ८ डीबी दबेल इतका थ्रेशोल्ड, रिलीज २०० च्या आसपास. रिलीज ६०० केला तर बेस परत यायच्या आत पुढची किक हजर होते, आणि बेस कायमचा फलाटावर. १० केला तर उलटंच होतं. ५५ हर्ट्झची एक लाट १८ मिलिसेकंदांची, त्यामुळे कॉम्प्रेसर लाटेच्या आत शिरून तिचा आकारच कुरतडतो आणि बेस फाटका लागतो.

अर्पेजिओबद्दल, म्हणजे कॉर्डचे सूर एकामागून एक वाजवण्याबद्दल, थोडं घरचं. मुंबईत १९८२ साली चरणजित सिंग या सिनेसंगीतातल्या वादकाने रोलँडची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रं जोडून दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले होते. तेव्हा रेकॉर्ड फारशी खपली नाही, जगाला पत्ता लागायला दोन दशकं जावी लागली. तेव्हा संकोच नको. पांढरी एकचा भूप घ्या: सा रे ग प ध. पियानोवर ते सी, डी, ई, जी, ए होतात, आणि ए पासून मोजले तर हीच ए मायनरची पेंटाटॉनिक. चारही कॉर्ड्सवर सुखाने बसते. डिले (प्रतिध्वनी) पाऊण मात्रेचा, ४५० मिलिसेकंद. लीडसाठी (मुख्य चालीसाठी) मोनो, म्हणजे एका वेळी एकच सूर वाजणारा, सॉ आणि ६० मिलिसेकंदांचा ग्लाइड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणं). लीडवर याहून जास्त वेळ घालवू नये.

वाजवून रेकॉर्ड करणार असाल तर ब्लूटूथ हेडफोन काढा. त्यांचा उशीर सहज १५० मिलिसेकंदांच्या पुढे जातो, म्हणजे अख्खा एक तुकडा. आपण आत्ता दाबलेली पट्टी पुढच्या सुराच्या वेळी ऐकू येते, आणि हात आपोआप सावकाश होतात. वायरचा हेडफोन, एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाजाचा उशीर कमी करणारा), बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल. ४४.१ किलोहर्ट्झला हा उशीर तीन मिलिसेकंदांहून कमी. मिक्स करताना बफर १०२४ करा, नाहीतर लॅपटॉपचा पंखाच मुख्य वाद्य होतो. तरीही तडतड आली तर पॅडचा ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे त्याचा आवाज तयार करून साठवून ठेवा.

सगळ्यात मोठा सापळा लूपचा. चार मात्रांचा एक बार, चार बार म्हणजे ९.६ सेकंद. एवढ्याशा तुकड्यात स्नेअर घासताना संध्याकाळ जाते, ट्रॅक एक बारही पुढे सरकत नाही, आणि घरातली लहान मुलं बेसलाइन तोंडपाठ म्हणू लागतात. उपाय रांगडा आहे: लूप ९६ बारपर्यंत कॉपी करा, म्हणजे ३ मिनिटं ५० सेकंद, आणि मग खोडत या. सुरुवातीचे ड्रम खोडा, मधला बेस खोडा, शेवटी फक्त पॅड ठेवा.

शेवटी फोनवर ऐकून पाहा, कारण बाकीचे तिथेच ऐकणार आहेत. फोनचा स्पीकर ५५ हर्ट्झ वाजवू शकत नाही. बेसची एक प्रत काढा, तिला डिस्टॉर्शन लावा, १५० हर्ट्झच्या खालचं कापा आणि हळूहळू मिसळा. वरचे १६५, २२०, २७५ हे सूर ऐकून कान खालचा ५५ स्वतःच भरून घेतो. लॅपटॉपवर खरखर जाणवली की दोन डीबी मागे या. इंट्रो आठ बारांचा, म्हणजे १९.२ सेकंदांचा. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एवढा धीर कुणाला नसतो, त्यामुळे तिथे पाठवायची फाइल वेगळी काढा, थेट पहिल्या स्नेअरपासून.