धर्म विरुद्ध समलिंगी विवाह, एवढंच चित्र नाही

धर्माची पकड सैल झाली म्हणून समलिंगी विवाहाला पाठिंबा वाढला, हा निष्कर्ष नुकताच एका लेखात वाचला; तो मला अर्धाच पटतो. आयर्लंडचंच उदाहरण घ्या. 2011 च्या जनगणनेत तिथले सुमारे 84 टक्के लोक स्वतःला कॅथलिक म्हणवत होते, आणि 2015 च्या सार्वमतात 62 टक्के मतं समलिंगी विवाहाच्या बाजूने पडली. म्हणजे चर्चचा विरोध असतानाही असंख्य कॅथलिकांनी होकार दिला. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीज स्वतः श्रद्धाळू कॅथलिक, मुलगा समलिंगी. त्यांनी उघडपणे होकाराचा प्रचार केला. परदेशी गेलेली तरुण मुलं केवळ मत द्यायला बोटीने, विमानाने घरी परतली. घरातलंच माणूस "हे माझ्याबद्दल आहे" असं सांगतं, तेव्हा आईबापांना धर्मग्रंथातल्या एका ओळीपुढे पोटचं पोर दिसतं. श्रद्धा तशीच राहते, तिचा अर्थ बदलतो.

दुसरा मुद्दा त्या लेखात राहूनच गेला. कायद्याने विवाहाला मान्यता देणं आणि धर्मगुरूवर विधी करण्याची सक्ती करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विरोध करणारे नेमकी इथेच गल्लत करतात, आणि त्या भीतीपोटी चांगली माणसंही विरोधात जातात, याचं मला फार वाईट वाटतं. डेन्मार्कने 2012 मध्ये राष्ट्रीय चर्चमध्येही असे विवाह खुले केले, पण एखाद्या पाद्रीला पटत नसेल तर त्याला नकार देता येतो. जोडप्याचं लग्न दुसरा पाद्री लावतो.