टॅक्स वाचला म्हणून बाजार उठत नसतो

आज ऑफिसात जेवताना एकजण म्हणाला, "बारा लाखांपर्यंत टॅक्स माफ केला, जीएसटी कमी केला, सरकारने अजून काय करायचं? आता लोकांनीच खर्च करायला पाहिजे ना." तेव्हापासून डोकं फिरलंय. तिथे लंच ब्रेक संपत आला होता म्हणून गप्प बसलो, इथे लिहितोय.

माझंच घ्या. 2025 च्या बजेटमध्ये 87ए कलमाची रिबेट, म्हणजे टॅक्समध्ये मिळणारी सूट, 60 हजारांवर नेली, स्लॅब बदलले, त्यात माझे वर्षाचे साधारण 65 हजार वाचले. आनंद झालाच, पगारदाराचा टॅक्स हातात पैसे यायच्या आधीच कापलेला असतो. पण त्या पैशांचं मी केलं काय? निम्मे होमलोनमध्ये भरले, निम्मे एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडाच्या दरमहा हप्त्यात. ओळखीतल्या बहुतेकांनी हेच केलं. उद्या नोकरी राहते की नाही ही धाकधूक असलेला माणूस हेच करणार आणि त्याचं काही चूक नाही. पण यासाठी सरकारने तब्बल 1 लाख कोटी सोडले, बाजाराला चालना मिळेल म्हणून. ते पैसे बाजारापर्यंत पोचले किती?

माझ्या मामाचं बार्शीला रेडिमेडचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. 22 सप्टेंबर 2025 ला, ऐन घटस्थापनेला जीएसटीचे नवे दर लागले, हजार ते अडीच हजारांच्या कपड्यांवर 12 चे 5 टक्के झाले. मामाने पोरं बसवून सगळ्या मालाला नवी लेबलं लावली. आणि त्याच आठवड्यात सीना नदीला पूर. माढा, करमाळा, बार्शी, पलीकडे परांडा, भूम, हातातोंडाशी आलेलं सोयाबीन पाण्यात. फोन केला तर मामा म्हणाला, "अरे, दर उतरला म्हणून कोण येतंय? पैसाच नाही लोकांकडं."

दिवाळीत मी त्या दुकानात बसलो होतो. एक बाई दोन पोरं घेऊन आली, दोघांच्या मापाचे ड्रेस काढायला लावले, मामाने आपणहून शंभर कमी सांगितले, तरी तिने धाकट्याचाच घेतला आणि तोही उधारीच्या वहीत लिहून. मोठा पोरगा काही बोलला नाही. शर्टाची कॉलर हाताने सरळ केली आणि घडी परत काउंटरवर ठेवली. त्या पोराला सांगा की जीएसटी सात टक्के कमी झालाय!

हो, दिवाळीत गाड्या धडाक्यात खपल्या, मान्य. ट्रॅक्टर स्वस्त झाला, तेही मान्य. पण ज्याच्याकडे घ्यायची ऐपत होती त्यानेच घेतलं.

2019 ला पण हेच झालं होतं, विसरलात का? कंपन्यांचा टॅक्स एका झटक्यात 30 वरून 22 टक्क्यांवर, 1 लाख 45 हजार कोटींवर पाणी सोडलं. कारखाने येतील, नोकऱ्या येतील म्हणाले. कुठे आल्या? गिऱ्हाईकच नसेल तर नवीन मशीन कोण कशाला बसवेल, मामाने सुद्धा दिवाळीला नेहमीपेक्षा कमीच माल भरला होता, त्याला काय टॅक्सची अडचण होती का? आणि कंपन्यांना सोडलं की ते प्रोत्साहन, शेतकऱ्याला दिलं की तो फुकट्या. हा शब्द वापरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आजोबा 1972 च्या दुष्काळाचं सांगायचे. माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर जायची, सरकारने वाटलेली सुकडी खाऊन दिवस काढायची, पण पगार झाला की बाजारात यायची, कोणी लुगडं न्यायचं, कोणी पोरासाठी चड्डी. दुष्काळातही दुकान बंद पडलं नाही ते त्या मजुरीमुळे. वि. स. पागेंनी मांडलेली रोजगार हमी, म्हणजे मागेल त्याला काम, त्याच काळात राज्यभर उभी राहिली आणि तिच्यासाठी पैसा कुठून आणला माहितीये? शहरातल्या नोकरदारांवर प्रोफेशन टॅक्स लावून. तुमच्या सॅलरी स्लिपवर महिन्याला 200 रुपये कापलेले दिसतात ना, तो. तेव्हाच्या लोकांनी तो भरला.

जाऊ दे, ऑफिसातल्या माणसावर राग नाही माझा. त्याच्याही डोक्यावर ईएमआय आहेत आणि इतकी वर्षं टॅक्स भरून त्याला खड्डेच मिळालेत.

पण बाजार हलवायचा असेल तर जो हातात पैसा आला की संध्याकाळी दुकानात जातो त्याच्याकडे द्या. 2025 च्या हंगामात सोयाबीनला क्विंटलमागे 5328 हमीभाव जाहीर केला होता ना, मग बाजार समितीत तेच चार हजाराच्या आतबाहेर का गेलं? हमीभाव केंद्रं दिवाळीच्या आधी उघडा, ओलावा जास्त आहे म्हणून भरलेली ट्रॉली माघारी पाठवू नका, पुराची भरपाई रब्बीच्या पेरणीआधी खात्यात टाका. आणि पैसे कमी पडत असतील तर माझ्या 65 हजारांतले निम्मे परत कापा. मी भरतो. एसआयपी थोडी कमी करेन.