प्लास्टर सुटलं की उपचार संपत नाहीत

क्लबफूट म्हणजे जन्मतःच आत वळलेलं पाऊल. त्याच्या उपचारांवरच्या एका लेखात पाच-सहा प्लास्टर आणि टाचेमागचा घट्ट स्नायूबंध मोकळा करण्याची छोटी शस्त्रक्रिया यांवरच भर होता. खरी कसोटी त्यानंतरची. पाऊल पुन्हा वळतं ते बहुतेक वेळा ब्रेस, म्हणजे दांडीला जोडलेले दोन बूट, वापरणं सुटल्यामुळे. शेवटचं प्लास्टर निघालं की ब्रेस पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, मग झोपेत १२ ते १४ तास, बाळ चार वर्षांचं होईपर्यंत. दांडीवर वाकड्या पायाचा बूट बाहेर वळवलेला, ६०-७० अंशांवर, एकच पाय वाकडा असेल तर चांगल्या पायाचा ३०-४० वर. दांडी खांद्यांच्या रुंदीएवढी.

फोड येतात ते पट्टा सैल राहिल्यानं. टाच आत घसरते, घासते आणि घरचे दया येऊन बूट काढून ठेवतात. मधला पट्टा आधी आणि घट्ट लावा. बोटांच्या टोकाशी बुटात पेनानं रेघ मारा. बोटं मागं सरकली तर टाच बसलेली नाही. नागपूरच्या मे महिन्यात सुती मोजे रोज दोनदा तरी बदला, लोशन नको.

गडचिरोलीहून नागपूरच्या मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) येणाऱ्या आईबापांना बूट लहान झाल्यावर नवे कधी आणि कुठं मिळतील, हे पहिल्याच दिवशी लिहून द्यायला हवं.