डिस्चार्ज कार्डावरची शेवटची ओळ

पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला एकटीलाच तो चार ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: 'मुलानं स्वतःला इजा करून घेतली आणि दवाखान्यातून बरं होऊन घरी आलं, की विषय कायमचा बंद करा. विचारलं तर पुन्हा डोक्यात येतं. ही सगळी लक्ष वेधून घ्यायची थेरं. मानसोपचारवाल्याकडे नेलं तर पोलीस केस होते, नाव खराब होतं. मोबाइल काढून घ्या, धाकात ठेवा.' खाली हात जोडलेले आणि 'प्रत्येक आईबापापर्यंत पोहोचवा'.

मी शाळेत समुपदेशनाचं काम करते. हा मेसेज कुठेही पोहोचवू नका.

पहिली गफलत 'बरं होऊन' या शब्दांतच आहे. कॅज्युअल्टीत जखम शिवतात, सलाइन लावतात, जीव धोक्याबाहेर काढतात. ज्या त्रासापायी मूल तिथं गेलं, तो त्रास त्याच्याबरोबर रिक्षात बसून घरी येतो. पुन्हा तसं घडण्याचा धोका डिस्चार्जनंतरच्या पहिल्या आठवड्यांत आणि महिन्यांत सर्वात जास्त असतो, आणि मेसेज नेमकं तेव्हाच तोंड मिटायला सांगतो. एका आईनं मला डब्याच्या पिशवीतून कार्ड काढून दाखवलं होतं, चार घड्या पडलेलं. गोळ्या, टाके काढायची तारीख आणि तळाशी घाईच्या अक्षरात 'मानसोपचार ओपीडीत दाखवणे'. टाके तारखेला काढून झाले होते. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे आपलं लिहायची पद्धत असते ना, मॅडम?"

'विचारलं तर डोक्यात येतं.' यावर बरेच अभ्यास झालेत आणि विचारल्यानं असे विचार वाढतात असं त्यांत दिसलेलं नाही. उलट मुलांना हायसं वाटतं. समोर बसवून उलटतपासणी मात्र नको. त्या आईनं मेथी निवडता निवडता विचारलं, "परत तसं वाटतं का रे कधी? मरून जावंसं?" पोरगा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "रात्री." ती एवढंच म्हणाली, "सांगितलंस, बरं केलंस." त्या रात्री तिनं आपली गादी त्याच्या खोलीत टाकली आणि त्याच आठवड्यात दोघं ओपीडीच्या रांगेत होती.

अशी विचारपूस किती कामाची असते? जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक प्रयोग केला, त्यात आपलं चेन्नईही होतं. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर कॅज्युअल्टीत आलेल्या १,८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी त्याशिवाय डिस्चार्जच्या सुमारास तासभर बोलणं झालं आणि पुढच्या दीड वर्षात फोन करून किंवा घरी जाऊन नऊ वेळा चौकशी झाली. २००८ साली निष्कर्ष छापून आले: आत्महत्येनं झालेले मृत्यू पहिल्या गटात २.२ टक्के, दुसऱ्यात ०.२ टक्के. ही सगळी किशोरवयीन मुलं नव्हती, हे खरं. पण एका फोनला खर्च तो काय?

थेरांबद्दल फार बोलत नाही. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारं मूल लक्ष वेधत नसतं, लपवत असतं. आणि समजा लक्ष हवंच असेल, तर द्या की!

पोलिसांची भीती मात्र हवेतली नाही. कॅज्युअल्टीत एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करतात, पोलीस जबाब घेतात, घरचे हादरतात. पण २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीला तीव्र ताणाखाली आहे असं गृहीत धरतो आणि तिची काळजी, उपचार, पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य ठरवतो. अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंडविधानातलं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा अजून गुन्हा आहे. मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढल्यानं कुठलीही केस होत नाही, आणि तिथली माहिती गोपनीय ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. पाहुण्यांना 'अ‍ॅडमिट होता, आता घरी आहे' एवढं पुरतं.

राहिला धाक. घरातली सगळी औषधं आणि शेतीची फवारणीची औषधं कुलपात हवीतच, किल्ली मोठ्यांकडे. पण ते त्याला सांगून करा: "तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही, काही दिवस काळजी म्हणून." मोबाइल सरसकट काढून घेतलात, तर रात्री दोनला ज्या मित्राशी तो बोलला असता तो दोरही तुटतो. त्याऐवजी त्याला बरोबर घेऊन एका कागदावर लिहा: मन बिघडायला लागलं की आधी काय जाणवतं, तेव्हा काय केल्यानं थोडं निभावतं, कुणाला फोन करायचा. त्या मुलाच्या कागदावर पहिलं नाव आईचं नव्हतं, मामेभावाचं होतं. तिला लागलं ते. तरी कागद तिनंच कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, आणि खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहिला: १४४१६. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. मूल आत्ता, या क्षणी धोक्यात वाटत असेल तर त्याला एकटं सोडू नका. ११२ लावा किंवा थेट कॅज्युअल्टी गाठा.